मधला थांबा



आपल्या धर्मग्रामातल्या अनेक घरांतली मुले आज कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडला आहेत. लेकीच्या बाळंतपणासाठी आई निघते, नातवाच्या बाप्तिस्म्यासाठी आजोबा निघतात. स्वस्त पडते म्हणून मधल्या थांब्याचे तिकीट काढले जाते आणि मग सिंगापूरला, दोह्याला किंवा दुबईला आठ-दहा तास बसून राहावे लागते. प्रवासाआधी आशीर्वाद घ्यायला येणारे हमखास विचारतात, “फादर, एवढा वेळ तिथे करायचे तरी काय?”

प्रश्न साधा वाटतो, पण त्याच्या पोटात नीतिशास्त्रातला एक जुना प्रश्न आहे. जो वेळ आपण मागितला नव्हता आणि ज्याचा हिशेब कुणी विचारणार नाही, तो वेळ कुणाचा?

व्यवहाराचे आधी पाहू. सिंगापूरच्या चांगी विमानतळावर निदान साडेपाच तासांचा आणि चोवीस तासांपेक्षा कमी थांबा असेल, तर सुमारे अडीच तासांची शहरफेरी विनामूल्य मिळते. मात्र त्यासाठी त्या देशात प्रवेशाची परवानगी लागते. ती आपल्याला मिळेल का, हे तिकीट काढतानाच विचारून घ्यावे, कारण हे नियम बदलत असतात. दोन वेगवेगळी तिकिटे असतील तर सामान मध्येच उतरवून घेऊन पुन्हा द्यावे लागू शकते, तेही विचारावे. जमत असेल तर शहर जरूर पाहा. देवाची सृष्टी आणि माणसांची वस्ती पाहणे ही उधळपट्टी नव्हे. थकला असाल तर झोपा. विश्रांती हे पाप नाही.

पण हे सगळे करूनही चार-पाच तास उरतात. तिथे आपल्या हातून दोन प्रकार होतात. एक म्हणजे वेळ मारणे. मोबाईलवर बोट फिरत राहते आणि नंतर काय पाहिले ते आठवत नाही. दुसरा म्हणजे वेळ वसूल करणे. प्रत्येक दुकान पाहायचे, प्रत्येक कोपऱ्यात फोटो काढायचा, नाहीतर पैसे फुकट गेले असे वाटते. रोमन तत्त्वज्ञ सेनेका याने सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी म्हटले होते की, माणसे पैशाला जपतात आणि वेळ मात्र कुणालाही वाटून टाकतात. त्याची तक्रार अजून जुनी झालेली नाही.

संत अगस्तीन यांनी आपल्या ‘कबुलीजबाब’ या ग्रंथाच्या अकराव्या भागात काळाचा विचार केला आहे. भूतकाळ आपल्या मनात स्मृती म्हणून असतो, भविष्यकाळ अपेक्षा म्हणून असतो आणि वर्तमानकाळ म्हणजे आपले लक्ष, असे ते सांगतात. विमानतळावर बसलेल्या माणसाकडे अपेक्षा भरपूर असते. गेट कधी उघडेल, लेक न्यायला येईल ना, यातच तो असतो. त्याच्याकडे नसते ते लक्ष. शरीर खुर्चीत आणि मन पुढच्या विमानात. म्हणून तो वेळ रिकामा वाटतो. खरे तर तो वेळ रिकामा नसतो, आपण तिथे नसतो.

संत फ्रान्सिस झेवियर ७ एप्रिल १५४१ रोजी लिस्बनहून निघाले आणि ६ मे १५४२ रोजी गोव्यात उतरले. या तेरा महिन्यांतले जवळजवळ सहा महिने त्यांनी मोझांबिकच्या बेटावर, अनुकूल वाऱ्यांची वाट पाहत काढले. त्यांचे काम भारतात होते. मोझांबिक हा फक्त मधला थांबा होता. तरीही त्यांनी तिथल्या इस्पितळात आजारी खलाशांची आणि प्रवाशांची सेवा केली, आणि ती करता करता स्वतःही आजारी पडले. गोव्यात पोहोचल्यावर त्यांनी मुक्काम केला तोही इस्पितळातच. थांब्यावर जे केले तेच पुढे मुक्कामी केले. आपले खरे काम पुढे आहे, तोवर इथल्या माणसांशी आपला संबंध नाही, असे त्यांनी मानले नाही.

आता आपल्या विमानतळाकडे येऊ. तिथे कुठेतरी एक आजी व्हीलचेअरवर बसलेली असते. मदतनीस तिला एका कोपऱ्यात ठेवून गेलेला असतो. पाटीवरचे इंग्रजी तिला वाचता येत नाही. अनेक मोठ्या विमानतळांवर आता प्रत्येक विमानाची घोषणाही होत नाही, पाटीच पाहावी लागते. तेवढ्यात बोलावले तर काय, या भीतीने ती पाणी पीत नाही आणि स्वच्छतागृहातही जात नाही. पिशवीत रुपये असतात, पण परक्या देशात साधा चहा कसा घ्यायचा, ते तिला कळत नाही. ती आपली नसेल, आपल्या भाषेचीही नसेल. पण आपली आई अशीच एकटी निघालेली असते.

कुणी म्हणेल, “फादर, मी तिकिटाचे पैसे मोजलेत, मीही दमलोय. त्या अनोळखी बाईचे मी काय देणे लागतो?” कायद्याने काहीच नाही. पुन्हा भेट व्हायची नाही, कुणी पाहत नाही, आभाराचीही खात्री नाही. म्हणूनच इथे माणसाची खरी परीक्षा होते. गावात आपण चांगले वागतो, त्यात थोडा वाटा चार लोकांच्या नजरेचा असतो. थांब्यावर ती नजर नसते. तिथे जे उरते तेवढेच आपले.

तेव्हा थांब्याचा सगळा वेळ द्या असे मी म्हणत नाही. दहा मिनिटे द्या. “काकू, तुमचं विमान कुठलं? मी पाटी बघून सांगतो,” एवढे विचारा. एक कप चहा आणून द्या. मग खुशाल शहर पाहा किंवा झोपा.

या सुट्टीत निघणाऱ्या सर्वांना सुखाचा प्रवास!

आपला,
धर्मगुरू