हा रडीचा डाव काय?

चढाई करील तो शूर आणि नुसता तग धरील तो भ्याड, ही समजूत आपल्या मनांत खोल रुजलेली आहे. काल्पनिक प्राण्यांच्या झुंजी लावणाऱ्या पोकेमॉन या जपानी व्हिडिओ गेममध्येंही ती दिसते. १९९९ सालीं त्यांत आलेल्या शकल नामक कवचधारी प्राण्याचे संरक्षणाचे दोन्ही मूळ अंक २३०, तर आक्रमणाचे अवघे १०! असा प्राणी पुढें करणाऱ्यावर रडीच्या डावाचा आरोप ठरलेलाच.

आम्हांस हा आरोप सरसकट मान्य नाहीं. शकल वार सोशीत रणांत चिकट जाळें पसरतो. मागाहून उतरणाऱ्या शत्रूचा वेग त्यामुळें मंदावतो आणि सोबत्यांचें काम सुकर होतें.

महाड-पोलादपूरकडील वाचकांस याचा दाखला घरच्याच डोंगरांत सांपडेल. १६८९ त मोगलांनीं रायगडास वेढा घातला. राजाराम महाराज गडावरून निसटून प्रतापगडाकडे व पुढें जिंजीस गेले; येसूबाई मागें राहिल्या. त्याच वर्षीं गड पडला, पण राज्य उरलें. उलट १८१८ च्या मे महिन्यांत इंग्रजांच्या तोफांपुढें तोच गड पडला, तेव्हां बाजीराव रानोमाळ पळत होता. गडानें मिळवून दिलेल्या दिवसांचें चीज करणारें बाहेर कोणी नव्हतें. तट तेच, कडे तेच. फळ मात्र निराळें.

म्हणून बचाव नीतीचा कीं अनीतीचा, हें कवचाच्या जाडीवरून ठरत नाहीं. सोसून मिळविलेला वेळ कोणाच्या कामीं आला, हें पाहावें. केवळ स्वतःचा जीव राखण्यासाठीं जो कवचांत शिरतो, त्याचाच डाव रडीचा!