देव नवऱ्याचे रूप घेतो तेव्हा

राइनहोल्ड शुन्त्सेल दिग्दर्शित ‘अँफिट्रिऑन’ हा जर्मन संगीतमय विनोदी चित्रपट जुलै १९३५ मध्ये बर्लिनमध्ये प्रदर्शित झाला. ग्रीसमधल्या थीब्जचा सेनापती अँफिट्रिऑन लढाईवर गेला आहे. तो सुखरूप परतावा म्हणून पत्नी अल्क्मेने ज्युपिटरची प्रार्थना करते. देव तिच्यावरच भाळतो आणि तिच्या नवऱ्याचे रूप घेऊन घरी येतो. सोबत देवांचा दूत मर्क्युरी असतो, अँफिट्रिऑनचा नोकर सोशिया याच्या रूपात. सेनापती आणि देव या दोन्ही भूमिका विली फ्रिचने केल्या, तर सोशिया आणि मर्क्युरी पाउल केम्पने. मर्क्युरी चक्क रोलर स्केट्सवरून घसरत फिरतो. गाणी आणि गोंधळ यांत चित्रपट हसतखेळत पुढे सरकतो, पण त्याच्या मुळाशी असलेला प्रश्न गंभीर आहे: माणूस ‘तोच’ आहे, हे कशावरून ठरते?

हा प्रश्न सर्वांत धारदारपणे मांडला तो याच कथेवरच्या लॅटिन नाटकाच्या कर्त्याने, प्लाउटुसने. त्याचा सोशिया रात्री घरी येतो, तर दारात दुसरा सोशिया उभा. चेहरा, उंची, कपडे, सगळे तेच. अखेरचा उपाय म्हणून तो कोणालाच ठाऊक नसलेली गोष्ट विचारतो: लढाई चालू असताना तंबूत मी एकटा काय करत होतो? मर्क्युरी अचूक सांगतो, दारू पीत होतास. म्हणजे रूप गेले आणि आठवणीही गेल्या. वर मार बसतो तो वेगळाच. आपण आपणच आहोत ही जाणीव सोशियाच्या मनातून जात नाही, पण ती पटवून देण्याचे कोणतेही साधन त्याच्याकडे उरत नाही. ओळखीचा निवाडा इथे पुराव्याने होत नाही, बळाने होतो.

अल्क्मेनेचा प्रश्न मात्र धर्माचा आहे: नवरा समजून देवाला जवळ केले, तर ती पापी ठरते का? प्लाउटुसच्या नाटकात ज्युपिटरच्या टोपीला सोन्याचा गोंडा आणि मर्क्युरीच्या टोपीला पिसे असतात, पण त्या खुणा फक्त प्रेक्षकांना दिसतात, घरच्या माणसांना नाही. महाभारतातल्या दमयंतीपुढेही स्वयंवरात, तिने मनाने वरलेल्या नळाच्या रूपातले देव उभे राहतात. मात्र विदर्भाच्या या राजकन्येने सत्याची आण घालताच देव आपल्या खुणा प्रकट करतात: त्यांना घाम येत नाही, पापणी लवत नाही, सावली पडत नाही. तिथे देव सत्याला बांधलेले आहेत; ज्युपिटर कशालाच बांधलेला नाही. क्लाइस्टच्या याच कथेवरच्या १८०७ च्या जर्मन नाटकात तर देव आणि नवरा समोरासमोर उभे असताना अल्क्मेने देवालाच खरा नवरा ठरवते. तरीही तिला पापी म्हणता येत नाही, कारण तिचे मन अँफिट्रिऑनपाशीच होते. फसवणुकीचा दोष सर्वस्वी फसवणाऱ्याचा, मग तो देव का असेना.

चित्रपट हा पेच हलका करतो. तिथे ज्युपिटरचा डाव फसतो आणि त्याची पत्नी जुनो स्वर्गातून येऊन त्याला वठणीवर आणते. पडद्याबाहेर, जिथे ओळखीचा निवाडा खरोखरच बळाने होऊ लागला होता, तिथे असे कोणी आले नाही. सप्टेंबर १९३५ मध्ये नाझी जर्मनीत न्यूरेंबर्गचे कायदे झाले आणि कोण जर्मन, कोण ज्यू, हे आजी-आजोबांच्या धर्मावरून सरकार ठरवू लागले. स्वतः शुन्त्सेल यांची आई ज्यू होती. त्यामुळे ते खास परवानगीवर काम करत होते. १९३७ मध्ये त्यांनी जर्मनी सोडली.