ताटीबाहेर कोण उभे आहे?

वारकरी सज्जनहो, पौष वद्य एकादशीला आपण त्र्यंबकेश्वरी श्रीनिवृत्तिनाथांच्या यात्रेला येतो. कुशावर्तावर स्नान करतो, समाधीवर मस्तक ठेवतो आणि माउलींचे सद्गुरू म्हणून नाथांचा जयजयकार करतो. परंतु सद्गुरू होण्यापूर्वी नाथ कोण होते? रानात चुकलेले एक पोर होते. संप्रदायाची कथा अशी की, विठ्ठलपंत मुलाबाळांसह ब्रह्मगिरीची प्रदक्षिणा करीत असता वाघ आडवा आला, पळापळ झाली आणि निवृत्ती चुकला. गहिनीनाथांनी गुहेत जवळ घेतले म्हणून पोर वाचले आणि अनुग्रहही लाभला. गावाने वाळीत टाकलेच होते. पुढे आईबापांनी देहान्त प्रायश्चित्त घेतले. चार भावंडे पोरकी झाली, पण त्यांतले एकही वाया गेले नाही. कारण ती एकमेकांना होती.

आता आपल्या पोरांकडे पाहा. पेठ, सुरगाणा, हरसूल, त्र्यंबक या भागांतील मुलेमुली कॉलेजसाठी नाशिकला जातात, पुण्याला जातात. घरात पहिल्यानेच कोणी एवढे शिकत असते. तिथे वर्गात बोललेले अर्धे कळत नाही, बोलीवरून कोणी हसते, खोलीचे भाडे थकते, एखादा विषय राहिला तर बापाला सांगवत नाही. हा वाघ डोळ्यांना दिसत नाही, म्हणून आपण म्हणतो, ‘पोराला काय कमी आहे? बसून तर शिकायचे!’ सरकारी नोंदीप्रमाणे २०२२ या एका वर्षात देशातील १३,०४४ विद्यार्थ्यांनी आपला जीव दिला. त्यांत १,७६४ आपल्या महाराष्ट्रातले, म्हणजे सर्व राज्यांत अधिक. प्रत्येकाचे कारण वेगळे असेल. त्याचा निवाडा आपण करू नये. पण त्यांतल्या किती जणांजवळ त्या दिवशी कोणी होते, एवढे तरी मनाला विचारावे.

तैत्तिरीयोपनिषदाचा शांतिपाठ पाठशाळेत गुरुशिष्य मिळून म्हणतात. त्यातील मागण्यांचा क्रम लक्षात घ्या. आधी रक्षण, मग पोषण, मग सामर्थ्य, आणि त्यानंतर अध्ययनाचे तेज. शेवटी द्वेष नको. आणि हे सारे द्विवचनात आहे, दोघांसाठी आहे. एकट्याने विद्या मागण्याची सोयच ऋषींनी ठेवली नाही! आपण मात्र पहिल्या दिवसापासून तेज मागतो, आणि रक्षण-पोषण पोराचे पोराने पाहावे म्हणतो.

पूर्वी गरीब विद्यार्थी वार लावून जेवत. सोमवारी एक घर, मंगळवारी दुसरे. कोणी माधुकरी मागत. १९१७ साली जोग महाराजांनी आळंदीस वारकरी शिक्षण संस्था काढली, तिथले विद्यार्थीही माधुकरीवर शिकले. त्या पद्धतीत मानहानी होती आणि जातीचा भेदही होता, हे झाकू नये. म्हणूनच राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात वसतिगृहे उभारली, आणि कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यास सर्व जातींच्या मुलांना एका पंगतीस बसविले. पण वाराच्या जेवणात एक गोष्ट चांगली होती. मंगळवारी पोर आले नाही, तर त्या घरची बाई विचारी, ‘अरे, का नाही आला? ताप आहे का?’ ताटात भाकरी पडे, तशी त्या पोरावर नजरही असे.

२०१८ साली शासनाने अनेक आदिवासी वसतिगृहांतील खानावळ बंद करून जेवणाचे पैसे विद्यार्थ्यांच्या बँकखात्यात भरण्याचे ठरविले. तेव्हा मुलेमुली पुण्याहून नाशिकच्या वाटेला पायी लागली. मागणी काय? आमची खानावळ आम्हाला द्या. हिशेबाचे काय ते शासन जाणे. पण आपण पंगतीची माणसे आहोत. खात्यात रुपये पडले म्हणून ‘आज तू का जेवला नाहीस?’ असे कोणी विचारीत नाही, हे आपल्याला कळायला हवे.

आता ताटीचे अभंग आठवा. लोकांच्या बोलण्याने ज्ञानदेव दुखावले आणि पर्णकुटीची ताटी लावून आत बसले. एवढे ज्ञानी, तरी बसले! बाहेर कोण आले? सर्वांत धाकटी मुक्ताई. ती दार मोडीत नाही, हसत नाही, निघूनही जात नाही. ताटी उघडेपर्यंत ती बोलत राहते. आज वसतिगृहाच्या खोलीला आतून कडी लागते, फोन बंद होतो, पोर जेवायला येत नाही. तिथे मुक्ताई कोणी व्हायचे?

दिंडीत आपण हेच करतो. ज्येष्ठात नाथांची पालखी त्र्यंबकाहून निघाली की पंढरीपर्यंत माणूस मागे राहिला तर विचारपूस होते. पाय सुजला तर कोणी तेल चोळतो, कोणी पिशवी घेतो. हीच रीत पोरांसाठी चालवा. गावातून पोर शिकायला गेले की त्याची खोली कुठे, सोबती कोण, हे चार माळकऱ्यांना ठाऊक असावे. एकादशीला त्याला फोन करावा. मार्क विचारू नयेत, जेवलास का ते विचारावे. जे नाशिकला राहतात त्यांनी महिन्यातून एकदा अशा एकाला घरी ताटावर बसवावे. आणि मुलांनो, तुम्हीही शेजारच्या खोलीची कडी वाजवीत जा.

कोणी सांगू लागला की जगणे नकोसे झाले, तर त्याला उपदेश करू नका. आधी ऐका, आणि त्याला एकटे सोडू नका. ‘नाम घे, बरे होईल’ म्हणून उठून जाऊ नका. नाम घ्यावेच, पण ताप आल्यावर आपण वैद्याकडे जातो ना? मनाच्या दुखण्यालाही वैद्य आहेत. २०२२ च्या ऑक्टोबरपासून शासनाचा १४४१६ हा दूरध्वनी आहे. रात्री-अपरात्रीही तिथे माणूस बोलतो, पैसे पडत नाहीत. हा अंक घरातल्या भिंतीवर लिहून ठेवा.

गहिनीनाथांनी एका चुकलेल्या पोराला जवळ घेतले, म्हणून आज आपल्याला ज्ञानेश्वरी आहे. तुमच्या ओळखीचे पोर आज कोणत्या खोलीत आहे, ते आठवा, आणि हा अंक खाली ठेवून आधी त्याला फोन करा. पुंडलीक वरदे हरि विठ्ठल!