न लिहिलेला समाधिलेख

सप्टेंबरच्या २० तारखेला आपल्या उपासना-पंचांगात कोरियातील हुतात्म्यांचा सण येतो. संत आंद्रू किम तेगन आणि संत पौल चोंग हासांग ही दोन नावे त्या दिवशीच्या मिस्सात आपल्या कानांवर पडतात. यांपैकी हासांगच्या सख्ख्या चुलत्याचे नाव कोणत्याही धार्मिक पंचांगात नाही. कोरियातील शाळकरी मुलांना मात्र पुतण्यापेक्षा हा चुलताच अधिक परिचयाचा असतो. चोंग याक-योंग (१७६२–१८३६) हे त्याचे नाव, आणि ‘दासान’, म्हणजे चहाचा डोंगर, हे टोपणनाव. तो राजा चोंगजोच्या दरबारातील उमराव होता, विद्वान होता, आणि सुवोनच्या किल्ल्यासाठी कप्प्यांची यारी तयार करून मजुरांचे कष्ट हलके करणारा कल्पक अधिकारीही होता. त्याने ख्रिस्ती श्रद्धा स्वीकारली आणि पुढे ती सोडली. त्याचा भाऊ त्याच श्रद्धेसाठी शिरच्छेदाला सामोरा गेला. अशा माणसाच्या उरलेल्या आयुष्याकडे आपण कोणत्या नजरेने पाहावे, हा प्रश्न मला त्या सणाच्या दिवशी नेहमी पडतो.

हान नदीच्या काठी माजे नावाचे गाव आहे. तेथील या घराण्यात चार भाऊ होते. थोरला याक-ह्यन पहिल्या आईचा. याक-जन, याक-जोंग आणि याक-योंग हे तिघे दुसरीचे. थोरल्याचा मेहुणा यी ब्योक हा चीनमधून आलेले ख्रिस्ती ग्रंथ वाचून भारावून गेलेला तरुण होता. १७८४ साली आपल्या बहिणीच्या पुण्यतिथीचा विधी आटोपून तो राजधानीकडे परतत होता. नावेत याक-जन आणि दासान सोबत होते. नदीच्या त्या प्रवासात त्याने दोघांना विश्वाची निर्मिती, आत्मा आणि देह यांविषयी सांगितले, आणि दासान चकित होऊन ऐकत राहिला. त्याच वर्षी या भावांचा मेहुणा यी सुंग-हुन बीजिंगमध्ये स्नानसंस्कार घेऊन परतला. कोरियाची ख्रिस्तसभा अशी मेहुण्या-पाहुण्यांच्या गप्पांतून, एकही धर्मगुरू देशात नसताना, प्रापंचिकांच्या हातून उभी राहिली. गंमत अशी की, याक-जोंग या मंडळींत उशिरा आला. तो तेव्हा ताओपंथीयांच्या अमरत्वाच्या साधनेत रमला होता. स्नानसंस्कारात त्याने ऑगस्टीन हे नाव घेतले. भावांची नावे सारखी वाटून घोटाळा होऊ नये म्हणून पुढे मी त्याला ऑगस्टीनच म्हणतो.

पहिली ठिणगी पडली ती पितरांच्या पूजेवरून. पोप चौदावे बेनेडिक्ट यांनी १७४२ साली चिनी पितृविधींवर कायमची बंदी घातली होती. १७९० साली बीजिंगच्या बिशपांनी ती कोरियातील भाविकांना कळवली. (बीजिंगचा धर्मप्रांत त्या काळी गोव्याच्या महाधर्मप्रांताच्या अखत्यारीत होता, हे आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असेल.) दासानचा मामेभाऊ युन जी-चुंग याने ही आज्ञा पाळली. त्याने पितरांच्या नावाच्या लाकडी पाट्या जाळल्या, आईच्या मृत्यूनंतर रूढ विधी केले नाहीत, आणि १७९१ साली त्याचा शिरच्छेद झाला. कोरियन समाजाच्या दृष्टीने पितरांना नाकारणारा मनुष्य हा मनुष्यच उरत नव्हता. हजारो वर्षे ज्या पाटीपुढे मुलगा वाकत आला, ती जाळणे म्हणजे बापालाच जाळणे. दरबारी उमरावांपैकी अनेक जण येथे थबकले आणि मागे फिरले. दासान त्यांपैकी एक. १७९७ साली राजाला सादर केलेल्या निवेदनात त्याने लिहिले की, आपण तरुणपणी वाचलेल्या ग्रंथांत पितृविधी मोडण्याची गोष्ट कोठेच नव्हती.

हे वाचताना आपल्याला पुढचा इतिहास ठाऊक असतो, आणि म्हणून मन अस्वस्थ होते. १९३९ साली रोमने ही बंदी उठवली. पितरांना नमन करणे ही मूर्तिपूजा नसून आदर आहे, हे मान्य झाले. मग युन जी-चुंग कशासाठी मेला? आणि दासान कशामुळे दुरावला? नियम बदलला म्हणून हुतात्म्याचे रक्त व्यर्थ गेले, असे मला वाटत नाही. ज्या क्षणी देवाची आज्ञा म्हणून जे समोर होते त्याला त्याने प्राणपणाने होकार दिला, आणि २०१४ साली पोप फ्रान्सिस यांनी सोलमध्ये त्याला धन्य घोषित केले ते योग्यच झाले. पण त्याच न्यायाने, बापाच्या पाटीपुढे वाकणे हे पाप आहे असे ज्याच्या विवेकाला पटेना, त्याच्यावर आपण दगड उचलू नये.

गोष्ट येथेच संपती तर दासानला माफ करणे सोपे होते. १८०० साली राजा चोंगजो वारला आणि पुढच्याच वर्षी छळ सुरू झाला. ऑगस्टीनची कागदपत्रांची पेटी अधिकाऱ्यांच्या हाती लागली. तो भाविकांच्या संघाचा प्रमुख होता आणि सामान्य जनांसाठी त्याने कोरियन लिपीत धर्मशिक्षणाचे पुस्तक लिहिले होते. त्या पेटीतील कागदांवरून दिसून आले की, त्याचे भाऊ या कार्यात सामील नाहीत. हुतात्म्याच्याच कागदांनी याक-जन आणि दासान यांचे प्राण वाचवले. ऑगस्टीन आणि मेहुणा यी सुंग-हुन यांचा ८ एप्रिल १८०१ रोजी वध झाला. दासानने मात्र चौकशीत श्रद्धा नाकारली, इतकेच नव्हे, तर भाविकांची नावे घेतली. पुतणीचा नवरा ह्वांग सा-योंग हा फरार होता. त्यालाही दासानने शत्रू म्हटले.

मला येथे एक भेद करावासा वाटतो, आणि तो आपल्या उपदेशांत फारसा ऐकू येत नाही. नाकारणे वेगळे आणि नाव सांगणे वेगळे. प्रमुख याजकाच्या अंगणात पेत्राने तीन वेळा प्रभूला नाकारले. पण योहान कोठे आहे, बाकीचे कोणत्या घरात लपले आहेत, हे त्याने कोणाला सांगितले नाही. नकाराची जखम नाकारणाऱ्याच्या आणि देवाच्या नात्याला होते, आणि ती जखम भरून काढायला देव समर्थ आहे. सांगितलेले नाव दुसऱ्याच्या मानेवर पडते. कोठडीतल्या भयाने दासानचा अपराध हलका होतो हे मी मानतो. त्या कोठडीत मी कसा वागलो असतो, याची खात्री मी देणार नाही. तरी त्या भयाने अपराधाचे नाव बदलत नाही.

त्याच वर्षाअखेर ह्वांग पकडला गेला. रेशमी कापडावर १३,००० हून अधिक अक्षरांत लिहिलेले त्याचे पत्र सापडले. त्यात परदेशी जहाजे आणि सैन्य पाठवावे अशी विनंती होती. ह्वांगला देहदंड झाला. दासान आणि याक-जन यांना पुन्हा हद्दपारीची शिक्षा झाली. नाजूजवळच्या एका धर्मशाळेत भावांनी एकमेकांचा निरोप घेतला. याक-जन दूरच्या ह्युकसान बेटाकडे गेला, तेथे त्याने माशांविषयी ग्रंथ लिहिला, आणि १८१६ साली भावाची पुन्हा भेट न होताच वारला.

दासान दक्षिणेतील कांगजिन येथे राहिला. माजे सोडल्यापासून हद्दपारीची १८ वर्षे गेली. तेथे त्याला दरबाराबाहेरचा देश जवळून दिसला. १८०३ साली त्याने एका शेतकऱ्याची कथा ऐकली: मेलेल्या बापाच्या आणि तान्ह्या मुलाच्या नावे लष्करी कर आकारला गेला, अधिकाऱ्यांनी बैल ओढून नेला, तेव्हा पोर जन्मणेच दोष म्हणत त्याने स्वतःच्या देहावर सुरी चालवली. दासानने त्यावर कविता लिहिली. पुढे गावचा अधिकारी प्रजेशी कसा वागावा यावर त्याने ४८ भागांचा ग्रंथ रचला. खुनाच्या खटल्यांवरच्या ग्रंथाच्या नावात ‘सावध’ हा शब्द त्याने दोनदा घातला. माणसाचा जीव पणाला लागला असता न्यायाधीशाने पुन्हा पुन्हा थबकावे, असे तो सांगतो. ज्याने स्वतः चौकशीच्या खोलीत माणसांची नावे उच्चारली होती, त्याच्या लेखणीतून हे यावे, यात मला योगायोग दिसत नाही.

घरची आठवण त्याला सोडत नव्हती. पत्नीने तिचा लग्नातला, रंग उडालेला घागरा पाठवला. त्याने तो कापून त्याच्या छोट्या वह्या केल्या आणि त्यांत दोन मुलांसाठी उपदेश लिहिला. एका तुकड्यावर मुलीसाठी पक्षी आणि फुललेली फांदी रंगवली. त्याची नऊ मुले, त्यांपैकी सहा लहानपणीच गेली होती.

काही ख्रिस्ती लेखकांनी लिहिले आहे की, म्हातारपणी दासान श्रद्धेकडे परतला आणि मरणापूर्वी त्याला संस्कार मिळाले. इतिहासकारांत याविषयी एकमत नाही. आपल्याला ती गोष्ट हवीहवीशी वाटते, कारण ती खरी असली की हिशेब जुळतो. मला मात्र तिच्यापेक्षा दुसरी गोष्ट अधिक बोलकी वाटते. १८१८ साली माजेला परतल्यावर दासानने छळात आणि हद्दपारीत गेलेल्या आपल्या माणसांचे समाधिलेख लिहिले. याक-जनचा लिहिला. यी गा-ह्वान आणि क्वोन चोल-सिन या तुरुंगात मेलेल्या मित्रांचे लिहिले. १८२२ साली स्वतःचाही लिहिला. ऑगस्टीनचा लिहिला नाही. ते मौन भीतीचे होते, लाजेचे होते, की आपल्याला तो अधिकार नाही या जाणिवेचे होते, याचा निर्णय करण्याची मला घाई नाही.

दासान १८३६ साली घरी, आप्तांच्या सहवासात, लग्नाला साठ वर्षे पूर्ण झाली त्याच दिवशी वारला. ऑगस्टीनची विधवा सेसिलिया तेव्हा जिवंत होती. १८०१ साली नवरा आणि सावत्र मुलगा गमावून, मालमत्ता जप्त झाल्यावर, ती लहान मुलांना घेऊन माजेलाच नातलगांच्या आश्रयाला आली होती, आणि तेथे तिने उपेक्षेचे दिवस काढले. तिचा मुलगा हासांग मोठा होऊन नऊ वेळा बीजिंगला गेला, धर्मगुरू द्या अशी मागणी करीत राहिला. १८३९ च्या सप्टेंबरात त्याचा शिरच्छेद झाला, डिसेंबरात त्याची बहीण एलिझाबेथ हिचा. मध्ये नोव्हेंबरात, जवळजवळ ऐंशी वर्षांची सेसिलिया मारहाणीने तुरुंगातच गेली. माजेला आज दासानचे घर आणि समाधी पाहायला लोक जातात. त्याच गावात या कुटुंबाच्या हुतात्म्यांचे तीर्थस्थानही आहे.