देणं

मराठीत ‘देणं’ या एका शब्दाला दोन अर्थ आहेत. हातातलं दुसऱ्याला द्यायचं, तेही देणं. आणि दुसऱ्याचं आपल्याकडे फेडायचं राहिलंय, तेही देणंच. वाण्याच्या वहीतला दुसरा अर्थ लहानपणी घराघरांत आधी कळायचा. ‘दान’ या शब्दाला ही दुसरी बाजू नाही. दान दिलं की दाता मोकळा; भिंतीवर संगमरवरी पाटी लागते आणि हिशोब मिटतो. आफ्रिकेतल्या खेड्यापाड्यांत बाहेरच्या पैशातून उभ्या राहिलेल्या शाळांविषयी वाचताना हा फरक माझ्या डोक्यातून जात नाही. त्याला कारण एक गाव आहे.

बुर्किना फासोमधलं गान्दो. 1965 साली तिथल्या गावप्रमुखाच्या घरी थोरला मुलगा जन्मला, दिएबेदो फ्रान्सिस केरे. आलेल्या चिठ्ठ्या कुणीतरी वाचून दाखवाव्यात म्हणून बापाने त्याला शाळेत घालायचं ठरवलं. गान्दोत शाळा नव्हती, त्यामुळे सात वर्षांच्या पोराला घर सोडून तेन्कोदोगोला जावं लागलं. तिथे सिमेंटच्या ठोकळ्यांचा वर्ग, आत शंभरावर मुलं आणि भट्टीसारखा उकाडा. सुट्टी संपली की तो घरोघरी निरोप घ्यायला जाई, आणि गावातल्या बाया कनवटीचं शेवटचं नाणं काढून त्याच्या हातावर ठेवत. या सगळ्यांचा माझ्यावर एवढा जीव का, असं त्याने आईला विचारलं. आईचं उत्तर केरे यांनी पुढे जाहीर भाषणात सांगितलं आहे: त्या तुझ्या शिक्षणाला हातभार लावताहेत, तू शिकशील आणि एक दिवस परत येऊन गावाचं भलं करशील, या आशेने. भाऊराव पाटलांच्या काळातला, घराघरांतून मूठमूठ धान्य जमवणारा मुष्टिफंड ज्यांना ठाऊक आहे, त्यांना ही मूठ ओळखीची वाटेल.

पुढे सुतारकाम शिकायची शिष्यवृत्ती मिळून केरे 1985 मध्ये बर्लिनला गेले आणि नंतर तिथेच वास्तुकला शिकू लागले. 1998 मध्ये, विद्यार्थी असतानाच, त्यांनी गान्दोच्या शाळेसाठी पैसे जमवणारी संस्था काढली. 2001 मध्ये शाळा उभी राहिली, पदवी मिळाली 2004 साली. म्हणजे कागदोपत्री वास्तुविशारद होण्याआधीच या माणसाने आपलं सर्वात महत्त्वाचं काम करून टाकलं होतं, असं मी म्हणेन.

पण गाव आधी खट्टू झालं. जर्मनीला जाऊन आलेला आपला पोरगा मातीची शाळा बांधणार? माती म्हणजे काय हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. दर पावसाळ्यानंतर पडझड लिंपायची त्यांनाच. ‘पक्कं’ म्हणजे सिमेंट, ही समजूत आपल्याकडेही काही कमी नाही. केरे यांना पुष्कळ समजवावं लागलं. पुढे एकदा तर मातीच्या विटांची नमुन्याची कमान रचून त्यांनी तिच्यावर उड्या मारून दाखवल्या. हजार शब्दांपेक्षा ती उडी कामी आली असणार.

त्या इमारतीत मला सर्वात आवडतं ते छप्पर. पत्र्याच्या वर्गात मी दोन वर्षं काढली आहेत. मार्चनंतरच्या दुपारी डोकं भणभणायचं आणि पावसाची सर आली की गुरुजी बोलणं थांबवून फळ्यावर लिहायला लागायचे. पत्रा स्वस्त, वाहून न्यायला सोपा, पण उन्हात तापला की सगळी धग खाली सोडतो. केरे यांनी पत्रा टाकून दिला नाही, वर उचलला. वर्गावर फटी ठेवलेलं विटांचं छत, त्याच्या बरंच वर लोखंडी सांगाड्यावर पत्रा. वर्गातली गरम हवा फटींतून वर जाते आणि मधल्या मोकळ्या जागेतून निघून जाते, पत्र्याची धग छतावरच अडते. पत्रा भिंतींच्या बराच पुढे आल्याने मातीच्या विटांना पावसाचा मार बसत नाही. विटांत थोडं सिमेंट मिसळलेलं. सांगाडा बांधकामाच्या साध्या सळयांचा, गावातल्या माणसांनीच कापून जोडलेला. क्रेन आणणार कुठून? पायासाठी मुलांनी दगड गोळा केले, बायांनी पाणी वाहिलं, जमीन सगळ्यांनी मिळून तालावर चोपली. ‘चोपली’ हाच शब्द हवा. घरातली जमीन कुणी चोपली असेल त्याला त्यातलं खांदेदुखीचं गणित कळेल. नंतर तिथे ग्रंथालय बांधायला घेतलं तेव्हा गावातल्या बायांनी घडवलेली मडकी कापून छतात बसवली. बूड नसलेलं मडकं बिनकामाचं असं आपण म्हणतो. इथे त्यातून उजेड आणि वारा येतो.

2004 मध्ये वास्तुकलेचा आगा खान पुरस्कार, 2022 मध्ये प्रित्झकर, तोही पहिल्यांदाच एका आफ्रिकी वास्तुविशारदाला. ते सगळं झालं.

आता बाहेरून आलेल्या मदतीची दुसरी बाजू. केनियाच्या पश्चिमेला बुसिया भागात एका डच संस्थेने शाळांना पाठ्यपुस्तकं वाटली. अर्थशास्त्रज्ञ मायकेल क्रेमर आणि सहकाऱ्यांनी परिणाम मोजला, तर सरासरी गुण जागच्या जागी. पुस्तकं इंग्रजीत होती आणि इंग्रजी तिथल्या बहुतेक मुलांची तिसरी भाषा. आधीच पुढे असलेल्या मुलांना फायदा झाला, बाकीच्यांना पुस्तक उघडून वाचताच येईना. त्याच भागात 1998 पासून 75 शाळांत जंतांच्या गोळ्या देण्याचा प्रयोग झाला आणि गैरहजेरी सुमारे चौथाईने घटली. त्या आकडेमोडीवर पुढे बराच वाद झाला. 2019 च्या अर्थशास्त्राच्या नोबेलचे एक मानकरी हेच क्रेमर. या प्रयोगांवरून काही जण म्हणतात की इमारती बांधूच नका, गोळ्या वाटा. मला ते पटत नाही. बसायला जागाच नसेल तर हजेरी कुठली लावणार? पण पुस्तकं देणाऱ्यांची चूक कंजूषपणाची नव्हती, हे मात्र बोचतं. पुस्तकं चांगली होती, द्यायची इच्छाही खरी होती. घरी पोरं कोणत्या भाषेत भांडतात, एवढं विचारायचं राहिलं. गान्दोत शाळेनंतर शिक्षकांची घरं बांधली गेली, कारण राहायला जागा नसेल तर शहरातला मास्तर खेड्यात टिकत नाही. हे बाहेरून येऊन फीत कापणाऱ्याच्या सहसा लक्षात येत नाही.

आणि भिंतीला सगळं पेलवतं असंही नाही. 2023 मध्ये हिंसाचारामुळे बुर्किना फासोत 6,000 हून अधिक शाळा बंद होत्या. त्यांतल्या कितीतरींचे पत्रे शाबूत असतील.

नाणी देणाऱ्या त्या बायांनी हिशोब कुठे लिहिलेला नव्हता. पायासाठी दगड आणणारी पोरं आज तिशीच्या आसपास असतील, काहींची मुलं शाळेच्या वयाची. कोणता दगड आपला होता हे त्यांनाही सांगता येणार नाही. वर जमीन चोपलेली आहे.