आठवणीतला शिपाई

दिवाळीत आपली मुले अंगणात किल्ला करतात आणि त्यावर मातीचे मावळे मांडतात. ते मावळे कुणाला मारीत नाहीत, स्वतः मरतही नाहीत. पण खरेखुरे शिपाई गावात मुक्कामाला आले, तर मुलांच्या मनात काय राहते? आणि जे राहते ते कितपत खरे मानावे?

याचा दाखला इंग्लंडात मिळतो. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ पासून, अमेरिकन सैनिक तिथल्या गावोगावी येऊन राहिले. मे १९४४ अखेर ब्रिटनमध्ये त्यांची संख्या सुमारे १५ लाख झाली होती. त्या दिवसांत मिठाईवर रेशन होते. मुले शिपायांच्या मागे धावत, च्युइंगगम मागत, आणि शिपाईही हसत खिशात हात घालीत. नाताळात छावणीतर्फे मुलांना मेजवानी मिळे. पुढे जून १९४४ मध्ये छावण्या ओस पडल्या. शिपाई नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर लढायला गेले होते. त्या मुलांपैकी कितीतरी जणांनी म्हातारपणी आठवणी लिहिल्या. त्यांत तोफांपेक्षा चॉकलेटच अधिक आहे.

कुणी म्हणेल, पोरे भुलली. चॉकलेट देणाऱ्या हातातच बंदूक होती. शिवाय त्या सैन्यात काळ्या शिपायांना गोऱ्यांपासून वेगळे ठेवीत. लँकेशायरमधल्या बँबर ब्रिज गावी, वर्णभेद पाळण्याची मागणी झाली तेव्हा पबवाल्यांनी 'फक्त काळ्या शिपायांसाठी' अशा पाट्या लावल्या, असे सांगतात. पण जून १९४३ मध्ये त्याच गावात लष्करी पोलिसांशी चकमक उडाली आणि एक काळा शिपाई गोळी लागून मेला. गावाचा चांगुलपणा त्याला वाचवू शकला नाही.

तरी मला मुलांची आठवण खोटी वाटत नाही. गणवेशाआडचा घरापासून दूर आलेला तरुण त्यांना दिसला, आणि पाहुण्याला पाहावे तसे त्यांनी त्याला पाहिले. पबवाल्यांनीही तेच केले. मात्र या आठवणीची साक्ष तेवढ्यापुरतीच घ्यावी. कृतज्ञता त्या माणसाची असते. ती युद्धाच्या खाती जमा करता येत नाही.

शाळेत मी इतिहास शिकवतो. मुले विचारतात, "गुरुजी, ते शिपाई चांगले होते की वाईट?" अशा वेळी चॉकलेटही सांगावे आणि बँबर ब्रिजची गोळीही. एक लपवून दुसरे सांगितले, तर मुलांच्या हाती पुन्हा मातीचाच शिपाई येईल. वाचकहो, फराळाला बसल्यावर घरच्या मुलांनी युद्धाविषयी विचारले, तर आपणही त्यांना दोन्ही सांगावे. मुलांना ते पेलते, असा माझा अनुभव आहे.