‘आहे’ आणि ‘मानतात’ : कल्पित विश्वाच्या नियमग्रंथाविषयी एक नैतिक प्रश्न

कल्पनारम्य भूमिकाखेळाच्या नियमग्रंथाकडे वाङ्मयीन संहिता म्हणून मराठी समीक्षेचे लक्ष फारसे गेलेले नाही. टेबलाभोवती चार-पाच जण बसतात. एक सूत्रधार होतो, इतर एकेका पात्राची भूमिका घेतात. कृती बोलून सांगितली जाते आणि जेथे निष्पत्ती अनिश्चित असेल तेथे फासे टाकले जातात. या खेळाच्या ग्रंथात दोन प्रकारची विधाने असतात : एक, कृतींचे आणि फाशांचे नियम, दोन, ज्या विश्वात खेळ घडतो त्याचे वर्णन, म्हणजे तेथील देवता, राजवंश, जमाती, रूढी, इतिहास. हे विश्ववर्णन ग्रंथात किती असावे, हा प्रश्न सामान्यतः पृष्ठसंख्येचा समजला जातो. तो वस्तुतः अधिकाराचा प्रश्न आहे, असे प्रस्तुत टिपणात मांडावयाचे आहे.

या प्रकाराच्या आरंभीच दोन टोके दिसतात. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ १९७४ मध्ये तीन छोट्या पुस्तिकांच्या रूपाने आला. त्यात स्वतंत्र विश्व जवळजवळ नव्हते. पुढच्याच वर्षी एम. ए. आर. बार्कर यांचा ‘एम्पायर ऑफ द पेटल थ्रोन’ प्रसिद्ध झाला. बार्कर हे दक्षिण आशियाई भाषांचे, विशेषतः उर्दूचे, अभ्यासक. त्यांनी टेकुमेल या विश्वासाठी भाषा, लिप्या, देवता आणि कुळे यांची तपशीलवार रचना केली होती. एका ग्रंथाने खेळणाऱ्याला मोकळे सोडले, दुसऱ्याने त्याच्यावर विश्व लादले, असा निष्कर्ष येथे घाईने काढला जाण्याची शक्यता आहे.

तो का टिकत नाही, हे आपल्याकडील दशावताराच्या उदाहरणाने स्पष्ट होईल. तळकोकणातील दशावतारी नाटकाला परंपरेने संवादांची लिखित संहिता नसते. आख्यानाची रूपरेषा ठरते आणि नट रंगमंचावर उभ्याउभ्या संवाद रचतात. हे शक्य होते, कारण नट आणि प्रेक्षक दोघांच्याही मनात पुराणे आधीच वसलेली असतात. म्हणजे येथे विश्ववर्णन कमी नाही. ते ग्रंथाबाहेर आहे इतकेच. इझरने संहितेतील रिक्त जागांचा जो विचार केला, त्याला ही पुस्ती जोडावी लागते की रिक्त जागा रिक्त राहत नाही; हाताशी असेल त्या सामग्रीने ती भरली जाते. १९७४ च्या पुस्तिका वाचणाऱ्यांनी ती टॉल्किन आणि रॉबर्ट हॉवर्ड यांच्या कथाविश्वांनी भरली. जेथे सामायिक पुराण नाही तेथे ग्रंथाने काही पुरवले नाही, तर खेळणाऱ्याचे पूर्वग्रहच पुराणाचे काम करतात. विपुल वर्णनाच्या बाजूचा हा सर्वांत बळकट युक्तिवाद आहे आणि तो मान्य करावयास हवा.

परंतु त्याच १९७४ च्या पुस्तिकांत एक कोष्टक आहे. त्यात विविध प्राणिजातींची विभागणी नियमपक्ष, तटस्थ आणि अराजकपक्ष अशी केलेली आहे. इतिहास नाही, भूगोल नाही. पण कोण कोणत्या पक्षाचा, हे मात्र आधीच ठरलेले. यावरून हे उघड होते की अल्प वर्णनही संपूर्ण निवाडा देऊ शकते. या निवाड्याची चर्चा पुढे दीर्घकाळ चालली. जून २०२० मध्ये या खेळाच्या प्रकाशकांनी ऑर्क आणि ड्राव या जमाती जन्मतःच दुष्ट असल्यासारख्या रंगवल्या गेल्याची कबुली दिली. डिसेंबर २०२१ मध्ये २०१६ च्या एका ग्रंथातील काही वर्णनपर परिच्छेद शुद्धिपत्राने वगळण्यात आले. वगळल्याने विश्व दरिद्री झाले, असे काहींना वाटले. वगळणे फार उशिरा झाले, असे इतरांना. दोन्ही पक्ष वर्णनाच्या मापाविषयी बोलत होते. माझ्या मते वाद वर्णनाच्या व्याकरणाचा होता.

हे व्याकरण मराठीत विशेष स्पष्ट दिसते. ‘आपल्यात असे करत नाहीत’ या वाक्याचे रूप निवेदनाचे आहे, कार्य मात्र आज्ञेचे. घरातील वडीलधारे माणूस ते उच्चारते तेव्हा ते माहिती देत नसते. ते कृतीचा एक मार्ग बंद करीत असते, आणि तोही आज्ञेची जबाबदारी न घेता. रीतिवर्तमानातील हे निवेदन म्हणजे विश्ववर्णनाच्या वेषातील नियमच होय.

उदाहरणासाठी सोलापूर जिल्ह्यातील केम घेऊ. करमाळा तालुक्यातील हे गाव, पुणे-सोलापूर लोहमार्गावरचे स्थानक, आणि कुंकवाच्या उत्पादनासाठी प्रसिद्ध. समजा, केमवरून सुचलेले एखादे कल्पित गाव नियमग्रंथात घालावयाचे आहे. एक लेखक लिहील : ‘या गावातील विधवा कुंकू लावीत नाहीत.’ दुसरा लिहील : ‘विधवेने कुंकू लावू नये असे येथे मानतात, कारखान्यात कुंकवाच्या पुड्या भरणाऱ्यांत विधवाही आहेत.’ दोन्हींत तपशील आहे. दुसऱ्यात तर अधिकच आहे. पण पहिल्या वाक्याने पात्राचे कपाळ ग्रंथकाराने आधीच पुसले. दुसऱ्याने रूढी, तिचे वजन आणि तिच्यातील विसंगती तिन्ही समोर ठेवली, आणि पुढची कृती त्या पात्राची भूमिका घेणाऱ्यावर सोपवली.

हा भेद केवळ खेळापुरता नाही. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने पतिनिधनानंतर कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र काढणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींना त्याचे अनुकरण करण्याचे आवाहन केले. या ठरावामागील प्रयत्नांत करमाळा तालुक्यातील महात्मा फुले समाजसेवा मंडळाचा वाटा होता. ठरावाने प्रथा लगेच नाहीशी होत नाही. त्याने झाले ते इतकेच की ‘असते’ हे क्रियापद ‘मानत आलो’ असे झाले; आणि जे मानले जाते ते न मानणेही शक्य असते.

येथे एक आक्षेप संभवतो. विश्व ज्याने निर्माण केले त्यालाच त्यातील सत्य ठाऊक. त्याने दुष्टाला दुष्ट म्हणू नये काय? बार्कर यांच्या संदर्भात या आक्षेपाचा विचार उद्बोधक ठरतो. त्यांच्या खेळात पात्रे परदेशी म्हणून नावेतून जकाला बंदरात उतरतात. तेथील रीती त्यांना ठाऊक नसतात आणि चुका करतच त्या शिकाव्या लागतात. खेळणाऱ्याचे अज्ञान आणि पात्राचे अज्ञान एकरूप करणारी ही रचना अत्यंत समंजस आहे. पण याच बार्कर यांनी १९९१ मध्ये टोपणनावाने नाझीवादाला अनुकूल कादंबरी लिहिली होती, हे त्यांच्या मृत्यूनंतर, २०२२ मध्ये, टेकुमेलचा वारसा सांभाळणाऱ्या प्रतिष्ठानानेच मान्य केले. विश्वकर्त्याची प्रतिभा त्याच्या निवाड्याची हमी देत नाही. म्हणून त्याने जग द्यावे, हवे तितके द्यावे. कोणाची योग्यता काय, हे मात्र त्या जगातील कोणाच्या तरी तोंडून यावे, ग्रंथाच्या तोंडून नव्हे. तोंड असलेल्या माणसाला उलट उत्तर देता येते.

तेव्हा ‘विश्ववर्णन किती असावे?’ या प्रश्नाऐवजी प्रत्येक वाक्याला असा प्रश्न विचारावा : हे वाक्य खेळणाऱ्यापुढे निर्णय ठेवते, की त्याच्या वतीने घेऊन टाकते? पहिल्या प्रकारची पाचशे पाने अधिक नाहीत. दुसऱ्या प्रकारची एक ओळही अधिक आहे.